उर्वशी नगराळेचा पाय

उकंडा नगराळेची पोरगी हवाई दलात लागली, ही बातमी वणीत पसरली तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं की पोरगी आता विमान उडवणार. उकंडानं पहिल्या दोन-चार जणांना समजावून पाहिलं. "बाप्पा, थे पायलट नाही होणार. वायुसैनिक होणार हाय. इमानाची खालची कामं करणारे लोकं येगळे राह्यतात." पण हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा उतरायचा आणि उकंडालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. मग त्यानं समजावणं सोडून दिलं.

उकंडा खाणीच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर चालवायचा. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्यावर जी काळी भुकटी उडते ती खाली बसवायला दिवसभर पाणी मारायचं, एवढंच त्याचं काम. नोकरी खाणीची नव्हती, ठेकेदाराची होती, आणि ठेकेदाराकडे वस्तीतल्या कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं हे किसनराव ठरवायचे. किसनराव एकेकाळी नगर परिषदेत निवडून आले होते आणि पुन्हा निवडून यायची त्यांची खटपट चालू होती. उकंडाची बायको रुखमाबाई नगर परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. उर्वशी त्यांची एकुलती एक. बारावी झाल्यावर ती रोज सकाळी तोंडाला रुमाल बांधून घुग्घुस रोडनं धावायची. घरी येऊन रुमाल सोडला की रुमालावर नाकाच्या जागी दोन काळे ठिपके असायचे.

लेखी परीक्षा झाली, धावायची परीक्षा झाली, डॉक्टरांनी तपासलं, आणि जानेवारीत ती गेली. अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी. केंद्र कर्नाटकात, घरापासून इतकं लांब की जाताना रेल्वेत दोनदा भाषा बदलली. उकंडा तिला बल्लारशापर्यंत सोडायला आला होता. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता आणि पाण्याच्या बाटलीवरच बोलत होता. भरली का, झाकण घट्ट हाय का, पुढच्या टेसनवर पुन्हा भर.

केंद्रावर पहिल्याच दिवशी तिची वेणी कापली गेली. लांबोळक्या बराकीत खाटांच्या दोन रांगा होत्या, आणि खाटेवरचं ब्लँकेट असं ओढून बसवायचं की कडा सुरीनं कापल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. उजाडायच्या आत शिट्टी व्हायची. त्यानंतर दिवस आपला राहायचा नाही. धावणं, मग बूट चकाकवणं, मग परेड, मग वर्गात बसून पान्यांची नि यंत्रांच्या भागांची इंग्रजी नावं पाठ करणं, दुपारी पुन्हा मैदान, संध्याकाळी हजेरी. जेवणात कधी इडली-सांबार, कधी पोळ्या. पण ते चवीनं खायला वेळ कोणाला होता? तिथे सगळ्यांना एकाच गोष्टीची भूक असायची, झोपेची. वर्गात एखादीची मान पेंगून खाली आली की सार्जंट तिला उभी करायचे, आणि ती उभ्यानं पेंगायची.

बोलण्याचीही एक अडचणच होती. सगळा कारभार हिंदीत, आणि उर्वशीची हिंदी वणीची. एकदा सार्जंटनी विचारलं, "नगराळे, बूट गंदा क्यों है?" ती ताठ उभी राहून म्हणाली, "साफ करकेच आयी थी ना साहब." अख्खी रांग हसली. सार्जंटही हसले आणि मग त्यांनी सगळ्या रांगेला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्या दिवसापासून पोरी तिला 'करकेच' म्हणायला लागल्या. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की आपल्याला इथे काहीतरी नाव आहे.

शेजारच्या खाटेवर नयनमणी होती, आसामची. सगळे तिला नयनच म्हणायचे. ती कमी बोलायची आणि झोपेत मात्र भडाभडा बोलायची, तिच्या भाषेत. दोघींचं जमलं ते पायांमुळे. पहिल्या महिन्यात दोघींच्या टाचा सोलल्या होत्या, आणि संध्याकाळी बादलीत मिठाचं पाणी करून दोघी त्यात पाय बुडवून बसायच्या.

फोन रविवारी मिळायचा. रुखमाबाई फोन उचलायची ती बोलत बोलतच.

"जेवली का वं? काय होतं?"

"सांबार होतं, आई."

"रोजच सांबार? मंग इमान पाह्यलं का तुनं?"

विमान तिनं पाहिलं होतं, एकच. मैदानाच्या कडेला चौथऱ्यावर ठेवलेलं, इंजिन काढून घेतलेलं जुनं विमान. शनिवारी त्याच्या चौथऱ्याला चुना मारायचं काम तिच्या तुकडीकडे असायचं. "पाह्यलं," ती म्हणायची, आणि रुखमाबाई तिकडून कोणालातरी सांगायची, "पाह्यलं म्हणते इमान."

पाय दुखायला लागला एप्रिलमध्ये. उजव्या नडगीत, गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूनं. आधी नुसतं धावताना, नंतर जिना चढताना, आणि मग खाटेवर पडल्यावरसुद्धा आत कोणी बोट दाबून धरलंय असं. नयननं हात लावून पाहिलं तर एका जागी ती कळवळली.

"डॉक्टर को दिखा," नयन म्हणाली.

"दिखाया तो पीछे डाल देंगे."

आणि ते खरं होतं. आजारी पडून जी पोरगी दवाखान्यात जास्त दिवस राहते तिला मागच्या तुकडीत टाकतात. पुन्हा पहिल्यापासून सगळं. त्यांच्याच बराकीतली एक अशी गेली होती. तिची खाट रिकामी झाली आणि दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर कोणाच्या तरी पेट्या आल्या, जणू ती कधी नव्हतीच. उर्वशीनं पायाला घट्ट पट्टी गुंडाळली, वर मोजा ओढला आणि धावत राहिली. जूनमध्ये दीक्षान्त परेड होती. थोडंच तर राहिलंय, असं ती स्वतःला सांगायची.

मे महिन्यात एका सकाळी सगळ्यांना मैदानावर जमवून सांगितलं गेलं, की सीमेवर लढाई सुरू झाली आहे. सगळ्या सुट्ट्या रद्द. फोन तर जमा होतेच, आता रविवारीही मिळणार नव्हते. अधिकारी म्हणाले की आपलं केंद्र सीमेपासून पार लांब आहे, घाबरायचं कारण नाही. पण हुकूम सगळ्या ठाण्यांना सारखाच असतो. पोरींनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले. पोत्यांत वाळू भरली. इमारतींच्या भोवती त्या पोत्यांच्या भिंती रचल्या. भोंगा झाला की असाल तिथून मैदानाच्या कडेला खणलेल्या चरापर्यंत पळायचं, ह्याची दिवसातून कितीदा तरी तालीम व्हायची.

लढाईचं म्हणाल तर त्यांना काहीच कळत नव्हतं. वणीच्या पानठेल्यावर जेवढं कळत होतं त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही. जेवणघरातला टीव्ही बंद होता. पोरी एकमेकींना विचारायच्या आणि एकमेकींनाच उत्तरं द्यायच्या. शिकवणाऱ्यांपैकी काही जण अचानक दिसेनासे झाले, आपापल्या ठाण्यांवर गेले. नयन म्हणाली, आपली परेड आधीच करतील आणि आपल्यालाही पाठवतील. त्या विचारानं सगळ्यांच्या अंगात काहीतरी शिरलं होतं. भीती होती, आणि भीतीच्या बरोबर एक उतावीळपणाही होता. उर्वशीनं पोती वाहिली. पाठीवर पोतं घेऊन पाऊल टाकलं की नडगीतून वीज गेल्यासारखं व्हायचं. पण अशा वेळी पाय दुखतो म्हणून सांगायचं कोणत्या तोंडानं? तिकडे माणसं मरत होती.

दुसऱ्याच दिवशी, दुपारच्या उन्हात भोंगा झाला. सगळ्या वर्गातून पळाल्या. चर समोर दिसत होता. उर्वशीनं उजवा पाय टाकला, आणि तो पाय तिथे नव्हताच. म्हणजे तिला तसंच वाटलं. ती तोंडावर आपटली. थांबायचं नाही असा हुकूम होता, म्हणून मागच्या पोरी तिला वळसा घालून पळत गेल्या. नयन तेवढी थांबली, तिच्या काखेत हात घालून तिला ओढायला लागली. चराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सार्जंटनी ओरडून नयनला आत घेतलं. मग मैदानावर उर्वशी एकटीच उरली. भोंगा वाजत होता. तालीम आहे हे तिला माहीत होतं, तरी तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

एक्स-रेमध्ये नडगीचं हाड चिरलेलं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं की चीर जुनी होती, आज पुरी झाली. "आधी का नाही आलीस?" त्यांनी हिंदीत विचारलं. 

दवाखान्यात ती एकटीच होती. भोंगा झाला की बाहेर बुटांचा धडधडाट व्हायचा आणि मग एकदम सामसूम. आजाऱ्यांनी जागेवरच राहायचं, असा नियम होता. एक वॉर्डबॉय येऊन खिडकी लावून जायचा आणि जाताना म्हणायचा, "कंबल ओढ लो." ती ब्लँकेट डोक्यावरून घ्यायची. आत गरम व्हायचं, प्लॅस्टरचा ओला वास यायचा. सगळे कुठेतरी पळताहेत आणि आपण पांघरुणाखाली, ह्याची तिला इतकी लाज वाटायची की प्रत्यक्षात शत्रूचं विमान आलं असतं तर कदाचित लाज कमी वाटली असती.

मग गोळीबार थांबला. फोन परत मिळाले. तिनं घरी लावला तेव्हा पहिल्या घंटीलाच रुखमाबाईनं उचलला, आणि काही न बोलता रडायला लागली. चार दिवस ती टीव्हीसमोरून हलली नव्हती. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. उकंडा किसनरावांकडे जाऊन आला होता. किसनराव म्हणाले होते, दिल्लीले फोन लावतो.

"आई, ऐक. मी बरी हाय. पाय मोडला फक्त."

"कोणं मारलं?"

"कोणं नाही मारलं वं. पयताना मोडला."

रुखमाबाईनं शेजारी सांगितलं, पोरीचा पाय पळताना मोडला. शेजारणीनं पुढे सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते किसनरावांच्या कानावर गेलं आणि ते जातीनं उकंडाच्या दारात आले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "उकंडा, तू असं पयताना-पयताना काहून सांगून राह्यला गावभर? लोकं काय समजतीन? पोरगी लढाईतून पयाली असं समजतीन. लढाई चालू होती का नाही?"

"होती, साहेब."

"पोरगी हवाई दलात हाय का नाही?"

"हाय."

"पाय तवाच मोडला का नाही?"

"तवाच."

"मंग झालं तं. बाकीचं मी पाह्यतो."

हे सगळं उर्वशीला नंतर कळलं. तिला महिन्याभराची आजारी रजा मिळाली होती. नयननं तिची पेटी भरून दिली, आणि निघताना कुबड्यांच्या मुठींना आपल्या जुन्या मोज्यांचं कापड गुंडाळून दिलं, काखा सोलू नयेत म्हणून. बल्लारशाला उकंडा आला होता. पण एकटा नव्हता. स्टेशनबाहेर जीप उभी होती, बॉनेटवर झेंडा लावलेला, आणि आत किसनरावांची दोन माणसं.

"बाबा, हे काय हाय?"

"बस तू. पाय सांभाळ."

जीप घुग्घुसच्या पुढे आली तेव्हा पुढच्या सीटवरचा माणूस फोनवर बोलत होता, ढोलवाले आले का म्हणून. उर्वशी बापाच्या कानाशी वाकली.

"तुमी त्याहीले काय सांगतलं?"

"मी काहीच नाही सांगतलं."

"मंग काय समजून राह्यले थे?"

उकंडा खिडकीबाहेर पाहत राहिला. "लढाईत लागलं म्हणून राह्यले."

"तुमी नाही म्हणून सांगाचं ना."

"सांगणार होतो," तो म्हणाला. "पण टँकर त्याहीच्याच शब्दावर चालते, बाई. आन् मले वाटलं, दोन दिवसात इसरतीन लोकं."

चौकात मांडव घातला होता. मोठा बॅनर होता. एका बाजूला उर्वशीचा टोपी घातलेला फोटो, दुसऱ्या बाजूला किसनरावांचा, तो जरा मोठा. खाली लिहिलं होतं, युद्धात जखमी झालेल्या वीरकन्येचे सहर्ष स्वागत. जीपमधून उतरताना तिची एक कुबडी निसटली आणि लोकांनी एकदम टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते तिला कळेना. बायका पुढे येऊन तिला ओवाळत होत्या. एक म्हातारी प्लॅस्टरला हात लावून तो हात आपल्या कपाळाला लावत होती. उर्वशीनं पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण प्लॅस्टरचा पाय मागे कसा घेणार?

मंचावर तिच्या शेजारी रामधन राठोड बसले होते. दारव्ह्याकडचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता वणीत एका कोळसा डेपोवर पहारेकरी होते. गणवेशातला कोणीतरी मंचावर असावा म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी छातीवर पदकं लावली होती. भाषणं चालू असताना ते तिच्या पायाकडे पाहत होते. मग समोर पाहतच हळूच म्हणाले,

"नडगी ना?"

तिनं मान हलवली.

"धावून धावून. माह्या संगचे दोघं-तिघं असेच घरी गेलते."

तिचा श्वास मोकळा झाल्यासारखा झाला. "काका, तुमी सांगा ना ह्याहीले. तुमचं ऐकतीन."

 रामधनांची पाळी आली तेव्हा ते उठले, माइक हातात घेतला, खाली बसलेल्या माणसांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत उकंडा नि रुखमाबाई खुर्चीवर बसले होते. उकंडानं धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकला होता, कोणी उठ म्हटलं की उठता यावं असा. रामधन म्हणाले, "पोरीनं कष्ट केले. तिची तब्येत लवकर सुधारो. जय हिंद." आणि येऊन बसले.

"काहून नाही सांगतलं?" तिनं विचारलं.

"मी सांगतलं असतं, तं तुह्या बापाचं तोंड कुठी राह्यलं असतं?"

मग तिला माइक दिला. शेवटच्या रांगेपर्यंत सगळी माणसं शांत झाली. तिनं ठरवलं होतं. वाक्यही जुळवलं होतं. पण पुढ्यात आई बसली होती आणि आईच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे तिनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं शाळेच्या मागच्या दारानं आत जाणाऱ्या बाईला आज पुढची खुर्ची मिळाली होती. उर्वशी म्हणाली, "धन्यवाद." तिनं माइक परत दिला. लोकांना ते पुरेसं होतं.

पुढचे दिवस ती घरात खाटेवर होती. माणसं यायची. गोळी लागली का बॉम्ब, असं विचारायची. ती म्हणायची, "हाड चिरलं." हे खरंच होतं. बाकीचं येणारे आपापलं भरून घ्यायचे. रुखमाबाई चहा करायची आणि चहा देताना लेकीकडे बघायची नाही. तिला सगळं माहीत होतं. पहिल्याच दिवशी उर्वशीनं तिला सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "आता सांगून काय होते? पाय बरा करून परत जाय, मंग सगळं खरंच होऊन जाईन." तेवढ्याच आशेवर त्या घरात दिवस निघत होते.

जूनमध्ये तिच्या तुकडीची परेड झाली. नयननं फोनवर चित्रफीत पाठवली. कोणाच्या तरी भावानं दुरून काढलेली, त्यात सगळ्या मुंगीएवढ्या दिसत होत्या. उर्वशीनं ती कितीदा तरी पाहिली. रांगेत आपली जागा कुठे असती ते तिला बरोबर कळत होतं, पण तिथे मोकळी जागा दिसत नव्हती. रांग पुरी होती.

प्लॅस्टर निघाल्यावर ती परत गेली. पुन्हा एक्स-रे, पुन्हा तपासण्या, मग डॉक्टरांच्या मंडळासमोर बसणं. हाड जुळलं होतं, पण हवं तसं भरलं नव्हतं, आणि डाव्या नडगीतही तसलीच बारीक रेघ दिसत होती. मधे बसलेले डॉक्टर वयस्क होते. त्यांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच तिला कळलं. इतक्या महिन्यांत तिथे तिला कोणी खुर्ची दिली नव्हती.

"ह्या हाडांना हे काम झेपणार नाही," ते हिंदीत म्हणाले. "पुढे कायमचं लंगडण्यापेक्षा आत्ताच घरी जाणं बरं. यात तुझी चूक नाही, बेटा."

तिला वाटलं, कोणी तरी चूक काढावी. आधी का नाही आलीस म्हणून रागवावं. चूक असती तर ती सुधारता आली असती. तिनं विचारलं, "सर, मागच्या तुकडीत टाकलं तर?" ज्याच्या भीतीनं तिनं पाय लपवला होता तेच ती आता मागत होती. डॉक्टरांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

गणवेश जमा करताना भांडारातल्या माणसानं टोपी उलटी करून आत पाहिलं, फाटलीबिटली नाही ना ते. तिच्या जुन्या बराकीसमोरून ती गेली. आत नव्या पोरी ब्लँकेटच्या कडा ओढत होत्या. तिला कोणी ओळखत नव्हतं.

ह्या वेळी ती चंद्रपूरवरून एसटीनं एकटीच वणीत आली. फक्त आईला फोन केला होता. रुखमाबाई स्टँडवर उभी होती. तिनं पेटीची एक कडी धरली, उर्वशीनं दुसरी, आणि दोघी मागच्या गल्लीनं घरी आल्या. घरी आल्यावर रुखमाबाईनं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "जेव आधी."

किसनरावांना कळलं तेव्हा त्यांनी सांगितलं की घरी पाठवलं असं कोणाला बोलायचं नाही, जखमेमुळे सन्मानानं निवृत्त केलं असं सांगायचं. आणि पंधरा ऑगस्टला रुखमाबाईच्या शाळेत तिनं झेंड्याच्या वेळी दोन शब्द बोलावे. मुख्याध्यापिका अनघाताई स्वतः घरी येऊन आमंत्रण देऊन गेल्या. उर्वशीनं हो म्हटलं. ह्या वेळी तिनं आईला सांगून टाकलं, "मी खरं सांगणार हाय. तुले यायचं नसंन तं नको येऊ."

"मी तं तिथीच राह्यते," रुखमाबाई म्हणाली. "मले कुठी जाता येते?"

झेंडा चढला. पोरं ओल्या मैदानावर रांगेत उभी होती, पालक भिंतीशी. किसनराव खुर्चीवर होते. उर्वशी माइकपाशी गेली आणि न थांबता बोलली. तिनं सांगितलं की माझा पाय लढाईत मोडला नाही. मी लढाई पाहिलीसुद्धा नाही. मी शिकत होते, धावून धावून हाडाला चीर गेली, मी ती लपवली, म्हणून ती वाढली. मला कोणी मारलं नाही. मला आता परत घेणार नाहीत. तुम्ही जे समजता ते खरं नाही, आणि मी मे महिन्यातच सांगायला पाहिजे होतं.

 मग भिंतीशी उभ्या असलेल्या एका माणसानं टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवायला सुरुवात केली. अनघाताईंनी माइक घेतला.  म्हणाल्या, "पाहा मुलांनो, एवढं सोसूनही मोठेपणा घ्यायला तयार नाही. ह्याला म्हणतात विनम्रता."

"बाई, मी खरं सांगून राह्यली," उर्वशी म्हणाली, पण माइक आता तिच्या हातात नव्हता.

किसनराव बाहेर पडताना शेजारच्या दोघा-तिघांना समजावत होते, तिला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. "त्याहीले हुकूमच राह्यते तसा. मिलिट्रीतलं बाहेर नाही सांगता येत. तिथी काय झालं थे तिलेच माहीत. पोरगी पक्की हाय, तोंड उघडणार नाही." ते दोघं-तिघं मान डोलवत होते. त्यातल्या एकानं तिच्याकडे पाहून हळूच सॅल्यूट केला.

रुखमाबाई खिचडीच्या पातेल्यापाशी होती. तिनं डाव खाली ठेवला, पदरानं हात पुसले. "सांगतलं ना तुनं?" ती म्हणाली. "झालं मंग. आता अजून काय करशीन?"

संध्याकाळी उकंडा आला. अंगणात तोंड धुताना उर्वशीनं त्याच्या हातावर पाणी ओतलं.

"बाबा, तुमाले तं माहीत हाय ना, काय झालं थे?"

"मले माहीत हाय." त्यानं तोंडावर पाणी मारलं. काळं पाणी कोपरावरून खाली आलं. "पण आज डेपोवर एक जण म्हणे, तुही पोरगी काय सोसली असंन रे. तं मी काही बोललो नाही. कारण सोसलं तं तुनं हायेच. थे कसं नाही म्हणू?"

 तिनं त्याला टॉवेल दिला.

आता ती वणीतच ट्रकांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात गल्ल्यामागे बसते. पान्यांची नावं पाठ असल्यामुळे मालक खूश आहे. उभं राहून पाय सुजतो, म्हणून त्यानं तिला उंच स्टूल दिलं आहे. अधूनमधून एखादा ड्रायव्हर बिल देता देता थांबतो आणि विचारतो, "ताई, थ्याच ना तुमी?" सुरुवातीला ती सगळं सांगायची. हल्ली म्हणते, "हो, मीच," आणि सुटे पैसे मोजून देते.

नयनचा फोन महिन्यातून एखाद्या वेळी येतो. ती कुठे आहे ते सांगता येत नाही, तिथे वाळू आहे एवढंच सांगते. मागच्या वेळी मागून विमानाचा इतका आवाज येत होता की काही ऐकू येईना. नयन ओरडून म्हणाली, "रुक, करकेच, अभी आती हूँ." उर्वशी दुकानातून बाहेर येऊन फोन कानाला लावून उभी राहिली. ट्रक जात होते. बराच वेळ फोनमधून नुसती घरघर येत राहिली, मग तीही बंद झाली. आतून मालकानं हाक मारली तेव्हा ती जाऊन पुन्हा स्टुलावर बसली.